खोक्यावर नाव कुणाचं?
मंडळाच्या नेमबाजी गटाच्या संयोजकांना खुले पत्र

स. न. वि. वि.

हे सगळ्यांसमोर का लिहिते आहे, ते आधी सांगते. गेल्या आठवड्यात तुमच्यापैकी दोघांना मी फोन केला होता. एकाने "काकू, एवढं मनावर घेऊ नका" म्हणत विषय माझ्या गुडघ्यांवर नेला. दुसऱ्याने "बघतो" म्हटलं आणि त्याच संध्याकाळी तोच मेसेज पुन्हा ग्रुपवर टाकला. एव्हाना तो निदान दीडशे घरांत पोहोचला असेल. खाजगीत कुजबुजून तो मागे येणार नाही. तो जिथे जिथे गेला, तिथे हे पत्रही जावं म्हणून ते खुलं.

ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी मेसेज असा आहे: "टेक्सासच्या शिबिराला विमानाने येणाऱ्यांनी रायफल किंवा शॉटगन आधीच पोस्टाने पाठवावी. पार्सल यजमानांच्या नावाने, त्यांच्या घरच्या पत्त्यावर. ते उघडून, साफसूफ करून तयार ठेवतील. खोक्यावर 'क्रिकेट किट' लिहा. काडतुसं त्यातच टाका, वेगळं पार्सल नको. पोस्टात काही विचारलंच तर आपल्या पोस्टातल्या काकू आहेतच!"

पोस्टातल्या काकू म्हणजे मी. १९९९ ते २०२३, चोवीस वर्षं न्यू जर्सीत टपाल खात्याच्या काउंटरवर उभी होते. तुमच्यातल्या कितीतरी जणांची राखीची पाकिटं आणि मुलांचे पासपोर्टचे अर्ज माझ्या हातून गेले आहेत. मला न विचारता माझं नाव त्या मेसेजात घातलंत याचा राग आहेच, पण तो दुय्यम. ज्या पाच-सहा ओळी तुम्ही हसत-खेळत लिहिल्यात, त्यांतली जवळजवळ प्रत्येक ओळ एखाद्याला फेडरल, म्हणजे इथल्या केंद्र सरकारच्या कायद्याखालच्या, गुन्ह्यात अडकवू शकते. आणि तो अडकणारा तुमच्यापैकी कुणी नसेल.

बंदुकीला नाकं मुरडणारी मी नव्हे. आमचं घर कणकवलीच्या बाजूचं. बाबांकडे ठासणीची बंदूक होती, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. रानडुकरं आणि माकडं काजूच्या बागेत घुसली की तिचा बार व्हायचा. बरेचदा नुसता आवाजाचाच. निवडणूक जाहीर झाली की ती बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागे. बाबा ती गोणपाटात गुंडाळून एसटीने तालुक्याला न्यायचे, पावती घ्यायचे, आणि ती पावती देव्हाऱ्यामागे ठेवायचे. "कागद नाय तर बंदूक नाय," हे त्यांचं एका ओळीचं शास्त्र. इथे आल्यावर आमच्या ह्यांना हरणाच्या शिकारीचा नाद लागला. त्यांची शॉटगन आज माझ्या कपाटात कुलपात आहे, माझ्या नावच्या बंदूक-ओळखपत्राच्या कार्डावर. त्या कार्डासाठी बोटांचे ठसे द्यायला मी साठाव्या वर्षी रांगेत उभी राहिले. तेव्हा "काकूंना बंदुकीची भीती वाटते" असं कुणी म्हणू नये.

आता मेसेजकडे येते.

सगळ्यात मोठी चूक पत्त्यात आहे. अमेरिकेत लांब नळीची बंदूक, म्हणजे रायफल आणि शॉटगन, रिकामी असेल तर टपालाने पाठवता येते. ही गोष्टच अनेकांना माहीत नसते, काउंटरवर मला कितीदा तरी "हे चालतं?" असं डोळे विस्फारून विचारलेलं आहे. चालतं, पण कुणाला पाठवता यावर सगळं ठरतं. आपल्याच राज्यातल्या रहिवाशाला पाठवता येते, तिथल्या राज्याचा कायदा सांभाळून. परवानाधारक विक्रेत्याला कुठल्याही राज्यात पाठवता येते. दुरुस्तीला पाठवणारे तसंच करतात. पण बंदूकविक्रीचा परवाना नसलेल्या माणसाने दुसऱ्या राज्यातल्या तसाच परवाना नसलेल्या माणसाच्या नावाने बंदूक धाडायची नाही. १९६८ च्या बंदूक नियंत्रण कायद्याने ते बंद केलं आहे आणि जाणूनबुजून केलं तर पाच वर्षांपर्यंत कैद आहे. आपले यजमान कितीही सज्जन असोत, त्यांच्या घरचं पुरणपोळीचं जेवण आपण कितीही वेळा जेवलेलो असू, कायद्याच्या लेखी ते परराज्यातले परवाना नसलेले गृहस्थ आहेत.

मग शिबिराला बंदूक न्यायची कशी? त्याचीही वाट नियमात आहे, आणि ती वाट आपल्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. तिचं नाव "मार्फत". आमच्या गावचे चाकरमानी मुंबईला गिरणीत होते तेव्हा आईने सांगितलेली पत्रं मी लिहायची. वर काकाचं नाव, त्याखाली "मार्फत" आणि गावकऱ्यांच्या खोलीचा पत्ता. खोलीत वीस-वीस माणसं, पाळ्या लावून झोपणारी. पत्र ज्याच्या हातात पडे तो ते काकाच्या ट्रंकेवर ठेवी. दुसऱ्याचं पत्र फोडलं असं कधी ऐकलं नाही.

टपाल खात्याच्या पुस्तिका क्रमांक ५२ मध्ये रायफल-शॉटगनसाठी नेमकं हेच आहे. मालक स्वतःची बंदूक दुसऱ्या राज्यात स्वतःच्याच नावाने पाठवू शकतो, तिथल्या कुणाच्या तरी मार्फत, शिकारीसाठी किंवा अशाच कायदेशीर कामासाठी. पत्त्यावर पहिलं नाव मालकाचं. मग "केअर ऑफ", आणि त्यापुढे ज्यांच्याकडे पार्सल काही दिवस राहणार त्यांचं नाव. आणि ते पार्सल उघडायचं फक्त मालकाने. यजमानांनी सहीने घ्यावं, कोपऱ्यात ठेवावं, वरून टॉवेल टाकावा हवा तर. पण उघडायचं नाही, पुसायचं नाही, तेल घालायचं नाही. तुमच्या मेसेजातला "ते उघडून साफसूफ करून ठेवतील" हा आपुलकीचा शब्दच तेवढा घातक आहे. खोकं उघडलं की बंदूक यजमानांच्या ताब्यात गेली, आणि मालकाने प्रवासासाठी स्वतःलाच पाठवलेली वस्तू दुसऱ्याला दिल्यासारखी झाली.

एवढा काच कशासाठी, असं वाटेल. मार्च १९६३ मध्ये डॅलसच्या एका टपालपेटीवर शिकागोच्या दुकानातून एक इटालियन बनावटीची रायफल आली. दुर्बिणीसकट किंमत १९ डॉलर ९५ सेंट, वर टपालखर्च दीड डॉलर. मागवणाऱ्याने खोटं नाव दिलं होतं. आठ महिन्यांनी त्याच रायफलीने अध्यक्ष केनेडींचा खून झाला. १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी मारले गेले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात अध्यक्ष जॉन्सननी कायद्यावर सही केली. टपालखात्याला खोक्यावर कुणाचं नाव आहे याचं एवढं का पडलेलं असतं, ते मला प्रशिक्षणात या गोष्टीनेच कळलं. पिस्तुलं तर त्याच्याही कितीतरी आधी, १९२७ च्या कायद्याने टपालातून बाद झाली होती. ग्रुपवर एकाने "माझ्याकडे रायफल नाही, पिस्तूल पाठवू का?" असं विचारलं आणि तुमच्यापैकी कुणीतरी त्यावर होकाराचा अंगठा टाकला. तो अंगठा कृपा करून काढून टाका.

दुसरं, काडतुसं. ती टपालाने जात नाहीत. बंदुकीबरोबर नाहीत, वेगळी नाहीत, चार असोत की चारशे, नाहीत. टेक्सासात काडतुसांचा दुष्काळ नाही, तिथे जाऊन घ्या. शिवाय बंदूक रिकामी आहे हे दाखवायला पार्सल उघडा किंवा तसं लेखी द्या, असं टपालखातं सांगू शकतं. त्या वेळी खोक्यातून काडतुसं घरंगळली तर काउंटरवरची बाई काय करेल? मी काय केलं असतं ते सांगते: पोस्टमास्तरांना हाक मारली असती, आणि पुढचं सगळं इन्स्पेक्टरांच्या हातात.

तिसरं, "क्रिकेट किट". इथे तुमचा अर्धा मुद्दा बरोबर आहे, म्हणून जास्त वाईट वाटतं. आत बंदूक आहे असं खोक्यावर कुठेही दिसू नये, हा नियमच आहे. बंदुकीच्या कंपनीचं नाव छापलेलं खोकंसुद्धा वापरू नये. पण काही न लिहिणं वेगळं आणि खोटं लिहिणं वेगळं. खोकं कोरं ठेवा. काउंटरवर विचारलं तर खरं सांगा: "रिकामी रायफल आहे, माझीच आहे, मलाच पाठवतो आहे." सरकारी कर्मचाऱ्याशी अशा बाबतीत खोटं बोलणं हा स्वतंत्र गुन्हा होऊ शकतो. क्लार्कलाही नियम पाठ असतीलच असं नाही. त्याला वर्षातून एखादी रायफल दिसते. पुस्तिकेतलं ते पान छापून बरोबर न्या आणि शांतपणे समोर ठेवा. वरिष्ठांना विचारतो म्हणाला तर थांबा, चिडू नका.

खोट्या वर्णनाचा मला एवढा संताप का येतो, त्याला एक कारण आहे. २००१ च्या शरद ऋतूत अँथ्रॅक्स या जीवघेण्या रोगाच्या जंतूंची भुकटी भरलेली ती पाकिटं ट्रेंटनच्या शिक्क्यानिशी गेली होती, आमच्याच राज्यातून. हॅमिल्टनचं टपाल केंद्र बंद झालं ते २००५ पर्यंत उघडलं नाही. वॉशिंग्टनच्या ब्रेंटवुड केंद्रातले दोन टपाल कामगार त्यात गेले. त्यांनी फक्त टपाल हाताळलं होतं. त्या दिवसांत आम्ही हातमोजे घालून काम करायचो आणि घरी गेल्यावर मुलाला जवळ घेण्याआधी अंघोळ करायची. तेव्हापासून "खोक्यात काय आहे ते कुणाला कळतंय" हे वाक्य मला विनोदी वाटत नाही. ते खोकं कुणीतरी माणूस उचलतो.

आता सगळ्यात गंभीर गोष्ट. ती तुमच्या मेसेजात नाही, आणि नाही हीच तक्रार आहे.

शिबिराच्या यादीत मी नावं पाहिली. निम्मी मुलं एच-१बी वर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, काही एफ-१ वर शिकणारी, दोघी-तिघी एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसाच्या आधाराने आलेल्या. गेल्या वर्षीचे फोटो तुम्ही अभिमानाने लावलेत, त्यांत हीच पोरं रायफल खांद्याला लावून उभी आहेत. १९९८ पासून फेडरल कायदा असा आहे की अशा तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाने बंदूक किंवा काडतूस बाळगायचं नाही, पाठवायचं नाही, ठरावीक अपवाद सोडून. त्यांतला आपल्या लोकांच्या उपयोगाचा अपवाद म्हणजे अमेरिकेतल्या राज्याने दिलेला चालू शिकार परवाना. तो नसताना रेंजवर तासभर हातात धरलेली बंदूकसुद्धा "बाळगणं" ठरू शकते. २०२२ पासून या गुन्ह्याची कमाल शिक्षा पंधरा वर्षं आहे. आणि शिक्षा राहू द्या बाजूला, बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या परदेशी नागरिकाला देशाबाहेर काढता येतं. ग्रीन कार्डवाल्यांना बंदूक ठेवता येते, पण दोषी ठरल्यावर बाहेर जायची पाळी त्यांच्यावरही येते.

हे पुस्तकी नाही. फ्लॉरिडात रेहाइफ नावाचा विद्यार्थी होता, अमिरातीतून शिकायला आलेला. विद्यापीठाने नाव काढलं, व्हिसाचा आधार गेला, आणि नंतर तो एका रेंजवर जाऊन नेमबाजी करून आला. कुणाला मारलं नाही, धमकावलं नाही. त्याला अठरा महिन्यांची शिक्षा झाली. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती फिरवली. आपण बेकायदा राहतो आहोत हे त्याला माहीत होतं, हेही सरकारने सिद्ध करायला हवं होतं, असं न्यायालय म्हणालं. म्हणजे निकाल फिरला तोही देशातल्या सर्वात वरच्या कोर्टाच्या पायरीवर. आपल्या एखाद्या पोराला तिथपर्यंत कोण नेणार? मंडळाचा गणपती फंड?

माझ्या बहिणीचा मुलगा त्या यादीत आहे. एच-१बी वर, ग्रीन कार्डच्या रांगेत. तिकडे कणकवलीत त्याची आई दर संकष्टीला त्या रांगेसाठी नारळ ठेवते. संयोजकांपैकी एकाची शॉटगन पोस्टात नेऊन द्यायचं काम तुम्ही त्याच्यावर सोपवलंत, कारण "तुझं ऑफिस पोस्टाजवळ आहे." शिकार परवाना त्याने कधी काढलेला नाही, बंदूक त्याची नाही, तरी पाठवणारा म्हणून नाव त्याचं. सुदैवाने त्याने पोस्टात जाण्याआधी मावशीला फोन केला. तुम्ही त्याला मुद्दाम अडकवत होता असं मी म्हणत नाही, तुम्हाला माहीत नव्हतं. पण तुमच्याकडे सिटिझनशिप आहे, त्याच्याकडे नाही, आणि मंडळाच्या कामात "अरे कर रे तू" म्हणताना हा फरक कुणाच्या ध्यानात राहत नाही.

बाकीचं थोडक्यात. पार्सल ट्रॅकिंगचं आणि सहीनेच मिळणारं हवं. पाठवणाऱ्याचा पत्ता आणि "रिटर्न सर्व्हिस रिक्वेस्टेड" हा शेरा वर हवा. मी स्वतः रजिस्टर्डने पाठवीन. ते सावकाश जातं, पण टप्प्याटप्प्यावर सही होते आणि कुलपात राहतं. त्याला चकचकीत प्लॅस्टिकची टेप लावू नका, सांध्यांवर शिक्के बसत नाहीत. तपकिरी कागदी टेप लागते. ३० इंचांपेक्षा लांब खोक्याला जादा आकार पडतो, त्यावरून काउंटरवर हुज्जत घालू नका. आणि परतीचं काय? मेसेजात त्याबद्दल अक्षर नाही. "तुम्ही निघा, मी सावकाश पाठवतो" असं यजमान म्हणतील, तेही नको. ज्याची बंदूक त्याने स्वतः टेक्सासातल्या पोस्टात जायचं. शिबिरात आपसांत विकण्याची बोलणी चालली आहेत असंही कानावर आलं. वेगवेगळ्या राज्यांतल्या दोघांनी परवानाधारक विक्रेत्याला मध्ये न घेता बंदूक विकायची नसते.

खरं तर पोस्टाची गरजच काय, हे मला कळत नव्हतं. विमानाने जाणारच आहात तर बंदूक रिकामी करून कडक, कुलूपबंद पेटीत घाला, विमान कंपनीच्या काउंटरवर सांगा आणि सामानात द्या. रोज कितीतरी लोक हेच करतात. फोनवर तुमच्यापैकी एकजण शेवटी खरं बोलला: "काकू, माझ्यासारख्या चेहऱ्याच्या माणसाने विमानतळावर 'माझ्याकडे बंदूक आहे' म्हणायचं?" यावर मी गप्प बसले. ती भीती खोटी नाही, ९/११ च्या हल्ल्यानंतरची ती वर्षं मीही इथे काढली आहेत. पण त्या भीतीवर "क्रिकेट किट" हा इलाज नव्हे. उद्या ते खोकं उघडलं गेलं, तर त्याच चेहऱ्याच्या माणसाने खोटंही बोललं, एवढीच भर पडेल.

तर माझ्या मागण्या अशा.

तो मेसेज मागे घ्या. नुसता पुसून टाकू नका. "आधीच्या सूचना चुकीच्या होत्या, त्याप्रमाणे कुणीही काही पाठवू नये" असं स्पष्ट लिहा. मराठीत आणि इंग्रजीत, म्हणजे मुलांनाही वाचता येईल.

ज्यांना पोस्टानेच पाठवायची आहे, त्यांना मालकाचं नाव, मार्फत, आणि फक्त मालकाने उघडणे ही पद्धत लिहून द्या. यजमानांशी आधी बोला. त्यांना नको असेल तर आग्रह करू नका. घर त्यांचं आहे.

तात्पुरत्या व्हिसावरच्या कुणालाही बंदूक हाताळायला, न्यायला, पाठवायला सांगू नका. ज्यांना भाग घ्यायचाच आहे त्यांनी आधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारावं, माझ्यासारख्या निवृत्त क्लार्कला नव्हे. कुणाचा व्हिसा कोणता, हे ग्रुपवर विचारू नका. एक सूचना सगळ्यांना सारखी द्या. मागच्या वर्षीचे ते फोटो आजच काढा.

बाकीच्यांसाठी शिबिरापुरत्या रेंजवरच्या बंदुका भाड्याने घेता येतात का, ते विचारा. खेळासाठी तात्पुरती भाड्याने किंवा उसनी घ्यायला फेडरल कायद्यात मुभा आहे, आणि खोकी, टेप, सह्या हा सगळा व्यापच टळेल.

आणि माझं नाव काढा. पोस्टात कुणी काही विचारलं तर काकू नाहीत.

हे रविवारच्या बैठकीआधी व्हावं. दोन पार्सलं आधीच निघाली आहेत असं काल कळलं, म्हणून त्या दोघांसाठी इथेच लिहिते. तुमच्या पावतीवर ट्रॅकिंग क्रमांक आहे. पार्सल अजून पोचतं झालं नसेल तर टपालखात्याच्या संकेतस्थळावर "पॅकेज इंटरसेप्ट" अशी सोय आहे. पैसे भरून पाठवणाऱ्याला ते परत मागवता येतं. खात्री नसते, पण विनंती आजच करा. पोचलं असेल तर यजमानांना फोन करून सांगा की खोक्याला हात लावू नका, आणि लगेच वकील गाठा. खोक्यात काडतुसं घातली असतील तर तेही वकिलाला पहिल्याच वाक्यात सांगा. वेबसाइटवर अडलं तर मला फोन करा, रात्री अकरापर्यंत मी जागी असते. क्रमांक तुमच्याकडे आहेच.

आपली,
पोस्टातली काकू